औषधदानाची वेळ

वाशीच्या मसाला बाजारातील एका गाळ्यात लाल कापडाने बांधलेल्या जुन्या वह्यांचे एक लोखंडी कपाट आहे. गाळ्याचा व्यवहार आता संगणकावर चालतो आणि सांगली, निजामाबादचे हळदीचे भाव मोबाईलवर येतात. मुलांनी कारभार हाती घेऊनही बरीच वर्षे झाली. तरीही घरातील वडीलधारे अण्णा रोज सकाळी दहाच्या सुमारास गाळ्यावर येऊन बसत आणि कपाटाची किल्ली स्वतःजवळ ठेवीत. दरवर्षी दिवाळीला वहीपूजन आटोपले की ते १९५१ सालची सांगलीची कीर्द बाहेर काढीत. तिचे एक पान उघडून काही क्षण त्याकडे पाहत आणि वही पुन्हा बांधून ठेवीत. घरातील सर्वांना ही सवय ठाऊक होती. तिचे कारण मात्र कोणी विचारले नव्हते.

ते कारण २०१८ सालच्या पावसाळ्यात उघड झाले, आणि निमित्त झाले एका लसीचे.

अण्णांची नात सनदी लेखापाल आहे. बेलापूरच्या एका कार्यालयात ती नोकरी करते. त्या वर्षी जुलै महिन्यात नवी मुंबई महानगरपालिकेने मुलांसाठी विषमज्वराच्या लसीची मोहीम सुरू केली. ९ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना ही लस विनामूल्य मिळणार होती. नातीने आपल्या चार वर्षांच्या मुलाला केंद्रावर नेऊन लस टोचून घेतली आणि येताना ती गाळ्यावर आली. पणतूच्या दंडावरील चिकटपट्टी पाहून अण्णांनी विचारपूस केली. लस विनामूल्य होती हे ऐकताच त्यांच्या तोंडून व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न निघाला, "फुकट कसे असेल, बाळ? कोणीतरी पैसे मोजलेच असतील. कोणी मोजले?"

"महापालिकेने, अण्णा. स्वतःच्या अंदाजपत्रकातून."

हे उत्तर वाटते तितके साधे नव्हते. विषमज्वराची ही नवी संयुग्म लस हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेली. आधीच्या लसी दोन वर्षांच्या आतील बाळांना उपयोगी पडत नसत. ही मात्र लहान बाळांनाही देता येते आणि तिचे संरक्षण अधिक काळ टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालाच्या अखेरीस या लसीला मान्यता दिली आणि मार्च २०१८ मध्ये विषमज्वराचा उपद्रव असलेल्या देशांना तिच्या वापराची शिफारस केली. गरीब देशांना लसी मिळवून देणाऱ्या गावी या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्यासाठी साडेआठ कोटी डॉलर मंजूर करून ठेवले होते. परंतु भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती त्या वेळी नव्हती. खासगी दवाखान्यात तिच्यासाठी हजार रुपयांहून अधिक मोजावे लागत. अशा वेळी, स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण असलेल्या आणि तरीही विषमज्वरापासून पूर्ण सुटका न झालेल्या या शहराने आपल्या तिजोरीतून लस विकत घेतली. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेमार्फत ही लस मुलांना देण्याचा जगातील तो पहिला प्रयत्न ठरला. पाकिस्तानने ती राष्ट्रीय कार्यक्रमात आणली ती पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये.

१४ जुलै ते २५ ऑगस्ट या सहा आठवड्यांत १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना लस मिळाली. परंतु हा केवळ पहिला टप्पा होता. शहराच्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या हद्दीतच तो राबवला गेला. उरलेल्या अर्ध्या शहराची पाळी दुसऱ्या टप्प्यात येणार होती.

अण्णांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी सहा वर्षांची होती. त्या राहत होत्या तो भाग उरलेल्या अर्ध्यात मोडत होता. हे समजल्यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तिला कधी?"

"पुढच्या टप्प्यात, अण्णा. लस, माणसे, पैसा यांची जुळणी व्हावी लागते."

"तोपर्यंत ताप थांबेल का?"

हा प्रश्न नातीला उद्देशून नव्हता. अण्णा उठले, त्यांनी कपाट उघडले आणि १९५१ ची कीर्द काढून नातीच्या पुढ्यात ठेवली.

पानावर मोडीत लिहिलेली एकच ओळ त्यांनी बोटाने दाखवली. "धाकटीचे औषध, मुंबईहून." पुढे रक्कम होती. त्या काळाच्या मानाने ती लहान नव्हती.

धाकटी म्हणजे अण्णांची बहीण. तीही सहा वर्षांची. सांगलीजवळच्या गावी तिला ताप भरला आणि तो उतरेना. दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप असल्याचे सांगितले आणि क्लोरोमायसेटिन या नव्या औषधाचे नाव लिहून दिले. विषमज्वरावर खात्रीने लागू पडणारे ते पहिले औषध जगात येऊन तीनचार वर्षेच झाली होती. ते मुंबईहून मागवावे लागणार होते आणि त्यासाठी रोख रक्कम लागणार होती. अण्णांचे वडील निर्धन नव्हते. त्या वर्षीची त्यांची सारी खरेदी हरिपूरच्या पेवांत भरलेली होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावातील जमिनीखालची पेवे ही सांगलीच्या हळदपेठेची तिजोरीच होती. हळद त्यांत वर्षानुवर्षे टिके. पण पेव एकदा उघडले की सगळा माल बाहेर काढावा लागे, आणि भाव त्या वेळी पडलेला होता. पेवाची पावती तारण ठेवून पैसे उभे करता येत होते, आणि त्यांनी ते केलेही. परंतु सावकाराने माल पाहण्यात एक दिवस घेतला, कागद होण्यात दुसरा गेला, मुंबईला पैसे पोहोचण्यात आणखी दोन गेले. औषध मिरजेच्या स्थानकावर उतरले त्याच्या आदल्या रात्री मुलगी गेली होती.

वडिलांनी औषधाची कुपी डॉक्टरांकडे नेऊन दिली. "दुसऱ्या कोणाच्या लेकराला द्या," एवढेच ते बोलले. घरी येऊन त्यांनी खर्चाची नोंद केली, कारण पैसे गेले होते आणि कीर्द खोटी ठेवायची नाही हा त्यांचा नेम होता. ते औषध कोणाला मिळाले, त्या मुलाचे पुढे काय झाले, हे घरात कोणी विचारले नाही. बारा वर्षांच्या अण्णांनी ती नोंद लिहिली जाताना पाहिली होती.

"पैसा होता, बाळ," अण्णा म्हणाले. "पेवात होता. चार दिवस उशिरा बाहेर आला."

नात त्या दिवशी काही बोलली नाही. मात्र हिशेबाच्या विषयात वाढलेल्या तिच्या मनात ही गोष्ट राहून गेली. तेव्हापासून रविवारी ती आली की अण्णांना काही ना काही वाचून दाखवू लागली. मुलांच्या लसी, औषधे आणि पोषक आहार यांसाठी जगात पैशाची व्यवस्था कशी केली जाते, हा तिचा विषय. अण्णा ऐकत, आणि प्रत्येक योजनेला आपल्या पेठेतले नाव देत.

सर्वांत आधी त्यांना पटली ती युनिसेफची १९९१ पासून चालत आलेली एक योजना. अनेक लहान व गरीब देशांच्या अंदाजपत्रकात लसींसाठी तरतूद असते. पण खजिन्यातून पैसे सुटतात वर्षाच्या उत्तरार्धात, आणि लसींची मागणी तर आधी नोंदवावी लागते. युनिसेफच्या नियमानुसार खरेदीपूर्वी पैसे हाती असावे लागतात. त्यामुळे कागदावर पैसा असूनही गावातील शीतपेटी रिकामी राहते आणि त्या दोनतीन महिन्यांत जन्मलेली बाळे लसीवाचून राहतात. यावर उपाय म्हणून एक निधी उभारला गेला. देशाच्या वतीने त्या निधीतून पुरवठादाराला आधी पैसे मिळतात, लस वेळेवर पोहोचते आणि देशाचे पैसे सुटले की निधीची भरपाई होते. तीच रक्कम मग दुसऱ्या देशाच्या कामी येते. प्रशांत महासागरातील छोट्या बेटांचे देश अनेक वर्षे या सोयीचा लाभ घेत आले आहेत. या देशांना दान नको होते. त्यांना काही महिन्यांची सवलत हवी होती.

"हे फिरते भांडवल," अण्णा म्हणाले. "एकच रुपया वर्षातून तीनदा कामाला लावणे. आम्ही दुकान याच्यावरच चालवले."

दुसरी योजना त्यांनी ओळखली ती पेवाच्या पावतीवरून. श्रीमंत देश गरीब देशांच्या मुलांसाठी वीस-वीस वर्षांची वचने देतात. परंतु पैसे येतात दरवर्षी थोडे थोडे. २० वर्षांनी येणाऱ्या पैशाने आजच्या बाळाचा गोवर थांबत नाही. म्हणून २००६ साली लसीकरणासाठी एक आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था स्थापन झाली. ब्रिटन, फ्रान्स, इटली, स्पेन, स्वीडन आणि नॉर्वे या देशांची कायद्याने बांधलेली वचने हेच तिचे तारण. त्या तारणावर तिने बाजारात कर्जरोखे विकले. नोव्हेंबर २००६ मधील पहिल्याच विक्रीत शंभर कोटी डॉलर उभे राहिले. निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींनीही त्या वेळी पहिले रोखे घेतले होते. आलेली रक्कम गावीमार्फत लसींवर खर्च झाली आणि देशांकडून वर्षानुवर्षे येणाऱ्या हप्त्यांतून रोख्यांची फेड होत राहिली.

अण्णांना यात मंदिरातील बोली दिसली. पर्वात एखादा श्रावक सर्वांसमक्ष रक्कम बोलतो. पैसे त्याच दिवशी येतात असे नाही. पण त्याच्या शब्दावर विसंबून शिखराचे काम सुरू होते, कारागिरांची मजुरी ठरते. बोललेली रक्कम थकवणे म्हणूनच दोषाचे मानले गेले आहे. शब्दाला पत असेल तर तो आजच काम करू लागतो, आणि पत नसेल तर उद्याचा पैसाही उपयोगाचा राहत नाही. हे व्यापारी घराला वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरी गोष्ट विसाराची. फुप्फुसाचा दाह म्हणजे न्यूमोनिया, हे लहान मुलांच्या मृत्यूचे जगातील एक मोठे कारण. त्याच्या एका प्रमुख जंतूवर लस निघाली होती. पण ती महाग होती आणि गरीब देशांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात कंपन्यांना रस नव्हता, कारण तेथे विकत घेणार कोण, हा प्रश्न होता. २००९ साली इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी मिळून दीडशे कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला. ठरलेल्या दर्जाची लस ठरलेल्या कमाल भावाने दीर्घकाळ पुरवण्याचे जी कंपनी मान्य करील, तिला सुरुवातीच्या मात्रांवर वरकड रक्कम मिळेल, अशी त्याची अट होती. शेतात पीक उभे असताना व्यापारी विसार देऊन माल बांधतो, तसाच हा प्रकार. कारखान्यासाठी भांडवल घालणाऱ्याला गिऱ्हाईक मिळण्याची हमी लाभली.

येथे मात्र अण्णांनी हात वर केला. "विसार दिला कोणाला? आणि भाव काय बांधला?"

त्यांची शंका रास्त होती. या सौद्यातील बहुतांश पैसा फायझर आणि ग्लॅक्सो या दोन बड्या परदेशी कंपन्यांकडे गेला. ज्या लसी आधीच बाजारात आल्या होत्या किंवा येऊ घातल्या होत्या त्यांनाच एवढे अनुदान कशाला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे. स्पर्धा बऱ्याच वर्षांनी आली, आणि ती पुण्याहून आली. सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या न्यूमोनियाच्या लसीला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२० मध्ये त्याच योजनेखाली ती सुमारे दोन डॉलरला एक मात्रा या भावाने देऊ करण्यात आली. भारतात न्यूमोनियाची लस २०१७ साली मोजक्या राज्यांत सुरू झाली होती. २०२१ साली ती देशभर लागू झाली.

याच पुण्याच्या कारखान्याची आणखी एक गोष्ट नातीने सांगितली, ती अण्णांना अधिक भावली. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी सांगितले की मात्रेचा भाव अर्ध्या डॉलरच्या आत असेल तरच आम्हाला लस परवडेल. मग आधी भाव ठरला आणि त्या भावात लस करील असा उत्पादक शोधण्यात आला. सीरमने ते आव्हान स्वीकारले आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो देशात त्या लसीची मोहीम सुरू झाली. ज्या प्रकारच्या जंतूवर ती लस होती, त्याच्या साथी त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीशा झाल्या.

"गिऱ्हाइकाची ऐपत आधी विचारली," अण्णा म्हणाले. "हा खरा सौदा."

या सर्व योजनांना मर्यादा आहेत, हे नात लपवीत नव्हती. कर्जरोख्यांनी नवा पैसा निर्माण होत नाही. उद्याचा पैसा आज वापरला जातो, आणि त्यावर व्याजही द्यावे लागते. फिरत्या निधीचा लाभ ज्याच्याकडे पुढे का होईना पैसे येणार आहेत त्यालाच. ज्याच्याकडे काहीच येणार नाही, त्याला दानाखेरीज आधार नाही. म्हणून अलीकडे युनिसेफने कुपोषित बालकांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या तयार पोषक आहारासाठी तिसरी वाट काढली. एखादे सरकार त्यासाठी स्वतःचा जितका पैसा घालील, तितकीच भर निधीतून घातली जाते. देणाराही बांधला जातो आणि घेणाराही.

त्या वर्षी दशलक्षण पर्व १४ सप्टेंबरला सुरू झाले. पर्वानंतरच्या रविवारी कुटुंबाच्या धर्मादाय न्यासाची वार्षिक बैठक घरीच भरली. न्यास लहान आहे. त्याचा पैसा दरवर्षी विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी, अन्नदानासाठी आणि नवी मुंबईतील एका धर्मादाय बालरुग्णालयासाठी खर्च होतो. रुग्णालयाची अडचण सर्वांना माहीत होती. वेगवेगळ्या योजनांचे आणि देणगीदारांचे पैसे दोनतीन महिन्यांनी येतात, औषधविक्रेता तेवढी उधारी ठेवत नाही, आणि पावसाळ्यात नेमकी मुलांची गर्दी वाढते. मग क्षारसंजीवनीची पुडी, झिंकच्या गोळ्या, सलाईन, प्रतिजैविकांची इंजेक्शने यांपैकी काही ना काही संपलेले असते. चिठ्ठी हाती घेऊन बाहेरच्या दुकानात जाणे ज्यांना परवडत नाही तेच पालक तेथे आलेले असतात.

अण्णांनी सुचवले की न्यासाने तीन लाख रुपये बाजूला काढावेत. रुग्णालयाची मागणी आली की दोन दिवसांत पैसे थेट औषधविक्रेत्याला द्यावेत. रुग्णालयाने आपले पैसे आले की नव्वद दिवसांत ते न्यासाला परत करावेत. व्याज नाही, भिंतीवर नावाची पाटीही नाही. वर्षभरात जे परत येणार नाही, ते औषधदान समजून खर्ची टाकावे.

अण्णांचे धाकटे बंधू तात्या हे न्यासाचे खजिनदार. ते धार्मिक वृत्तीचे आणि हिशेबाचे कडक. त्यांना हे पटले नाही.

"अण्णा, तुम्ही मोठे आहात. पण दिलेले परत मागायचे, तर ते दान कसले? आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्याकडे सांगितली आहेत. त्यांत उधारी कुठे आहे? व्याज न घेताही उधारी ती उधारीच. उद्या पैसे थकले की आपण रुग्णालयाच्या दारात वसुलीला उभे राहणार का?"

आक्षेप उथळ नव्हता. दानात देणाऱ्याने वस्तूवरचे ममत्व सोडायचे असते. परतीची वाट पाहणाऱ्या मनात ममत्व शिल्लक राहते, हे तात्यांचे म्हणणे खरेच होते. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी पिशवीतून कीर्द काढली आणि ते पान तात्यांच्या समोर उघडले.

तात्यांचा जन्म १९५२ चा. आपल्या आधी एक बहीण होती आणि ती लहानपणी गेली, एवढेच त्यांना माहीत होते. घरात तिचा विषय निघत नसे. त्यांनी ती ओळ वाचली, तारीख वाचली.

"औषध तर बाबांनी दानच केले," अण्णा म्हणाले. "संपूर्ण दिले, परत मागितले नाही. कोणाच्या तरी कामी आलेही असेल. पण चार दिवस आधी कोणी आपल्याला नुसते उसने दिले असते, तर तू तिला पाहिले असतेस."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. काही वेळाने त्यांनी विचारले, "आणि ज्यांच्याकडून परतफेड होणारच नाही, त्यांचे काय?"

"त्यांना उसने द्यायचेच नाही. त्यांना दान द्यायचे. परतफेड होणार नाही हे ठाऊक असताना उधार देणे म्हणजे गरिबाच्या डोक्यावर ओझे ठेवणे."

अखेर ठराव दोन भागांत झाला. पूर्वीची देणगी तशीच चालू राहील. तिच्यात कपात करून नवा निधी उभारायचा नाही, ही तात्यांची अट सर्वांनी मान्य केली. तीन लाखांचा फिरता निधी वेगळा राहील आणि त्याचा हिशेब तात्या स्वतः ठेवतील. नातीने त्यासाठी संगणकावर तक्ता करून देण्याची तयारी दाखवली. तात्यांनी वहीच पसंत केली. त्या वहीत त्यांनी रकमेच्या दोन्ही बाजूंना एकेक रकाना आखला. डावीकडे मागणी आल्याची तारीख, उजवीकडे औषध पोहोचल्याची तारीख.

पहिल्या वर्षी तो निधी तीन वेळा फिरला. तीन लाखांत नऊ लाखांची औषधे वेळेवर पोहोचली. एक परतफेड मुदतीनंतर आली, तेव्हा तात्या दोनदा रुग्णालयात जाऊन आले. वसुलीचा शब्द न काढता त्यांनी विलंबाचे कारण समजून घेतले आणि अडलेला एक कागद स्वतः पाठपुरावा करून सोडवून दिला. २०२० साल मात्र कठीण गेले. महामारीत बाजार समितीचे व्यवहारही काही दिवस बंद ठेवावे लागले. रुग्णालयाकडे मुले येईनाशी झाली, मग एकदम येऊ लागली, आणि येणे असलेले पैसे कोठे कोठे अडकले. वर्षअखेर निधीतील एक लाख दहा हजार रुपये परत आले नव्हते.

त्या दिवाळीला वहीपूजन मोजक्याच माणसांत झाले. न्यासाच्या वहीतील येणे बाकीसमोर तात्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, "औषधदान खाती वर्ग." मग कोणी सुचवण्यापूर्वी त्यांनी तेवढीच रक्कम स्वतःच्या खात्यातून निधीत जमा केली. अण्णांनी नेहमीप्रमाणे कपाट उघडून १९५१ ची कीर्द काढली. या वेळी दोघा भावांनी ते पान एकत्र पाहिले.

नातीने पुढे वाचून दाखवले की नवी मुंबईतील लस घेतलेल्या मुलांमध्ये विषमज्वराचे प्रमाण लक्षणीय रीतीने कमी आढळल्याचे अभ्यासात दिसून आले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि न्यासाची वही मागवली. शेवटच्या नोंदीत मागणी आल्याची तारीख होती सोमवारची. औषध पोहोचल्याची तारीख होती मंगळवारची. त्यांनी दोन्ही तारखा पुन्हा एकदा वाचल्या आणि वही तात्यांच्या हाती परत दिली.